सराफ बाजारातलं दहापट भिंग आणि पापणीवाली पाल

नाशिकच्या सराफ बाजारात सोनारकामाचं साहित्य विकणारी मोजकी दुकानं आहेत. मुशी, सांडश्या, फुंकण्या, तार ओढायच्या भोकांच्या पट्ट्या, कानशी, पॉलिशचे ब्रश. त्यातल्या एका दुकानातून गेल्या वर्षी जुलैत मी १० पटीचं भिंग घेतलं. किंमत ६५० रुपये. आता फेब्रुवारी चालू आहे. एवढ्या महिन्यांत ते रोज वापरात आहे, दोनदा हातातून पडलंय, एकदा पावसात भिजलंय आणि शाळेतल्या चाळीसेक मुलांच्या हातांतून फिरलंय. तेव्हा त्याच्याबद्दल आता खात्रीने लिहिता येईल.

मी सोनार नाही. सिन्नर तालुक्यात, वावीच्या बाजूला एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. राहायला पंचवटीत. भिंग घेतलं ते एका पालीपायी.

जूनचा दुसरा आठवडा होता. शाळा उघडायची होती, आम्ही शिक्षक वर्ग झाडून घ्यायला गेलो होतो. पावसाचा पत्ता नव्हता. सिन्नरच्या पूर्वेला तो तसाही उशिरा आणि हात राखून येतो. इगतपुरीकडे ढग रिकामे होतात, आमच्याकडे नुसतं वारं. शाळेमागच्या शेतात जेसीबी लावून जुना दगडी बांध उचकटायचं काम चाललं होतं. दुपारी शेतमालक अण्णा फावड्यावर काहीतरी घेऊन आले. "बाई, बघा केवढी विषारी. ही चावली की माणूस पाणी मागत नाही."

वीतभर लांब पाल होती. मेलेली. पिवळसर तपकिरी अंग, त्यावर गर्द ठिपके, मानेमागून गेलेला फिकट पट्टा आणि जाड, गाजरासारखी शेपूट. घरच्या पालीशी तिचं काही जुळत नव्हतं. मी वाकून पाहिलं तर तिचा एक डोळा उघडा होता आणि दुसरा अर्धा मिटलेला.

अर्धा मिटलेला. मी सतरा वर्षं वर्गात सांगत आले होते की पालीला पापण्या नसतात, ती डोळे मिटू शकत नाही, जिभेने चाटून साफ ठेवते. आणि समोरच्या पालीला चक्क पापणी होती, खालून वर येणारी, कडेला बारीक दाणे असलेली.

माझ्या पर्समध्ये तेव्हा एक भिंग होतं. एप्रिलमध्ये ऑनलाइन मागवलेलं, २९९ रुपयांचं, वर "३० पट" असं कोरलेलं. ते डोळ्याला लावलं. मधोमध चवलीएवढा भाग दिसला, बाकी सगळा धुरकट, आणि प्रत्येक कडेला निळी-तांबडी झालर. पापणीची कड कुठे संपते आणि डोळा कुठे सुरू होतो तेही कळेना. अण्णा उभे, दोन मुलं उभी, आणि माझ्या हातात ते निकामी भिंग. मला फार वाईट वाटलं. त्या जिवाचं तर झालंच, पण बघायची वेळ आली तेव्हा बघायचं साधन नव्हतं, याचंही. आम्ही ती बांधाच्या कडेला पुरली.

घरी आल्यावर त्या "३० पट" भिंगाची परीक्षा घेतली. मनात शंकेची पाल चुकचुकली होतीच. ही परीक्षा कुणालाही घरी करता येते, म्हणून सविस्तर सांगते. दिवसा खिडकीसमोरच्या भिंतीजवळ भिंग धरायचं. बाहेरच्या झाडाचं किंवा समोरच्या इमारतीचं उलटं चित्र भिंतीवर पडतं. ते ठसठशीत होईपर्यंत भिंग मागेपुढे करायचं आणि मग भिंगापासून भिंतीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं. तेच नाभीय अंतर. २५ ला त्या सेंटिमीटरच्या आकड्याने भागलं की भिंग किती पटीचं ते कळतं. २५ कशाला, तर सुदृढ डोळ्याला वस्तू स्पष्ट दिसते ते जवळचं अंतर २५ सेंटिमीटर धरतात. ३० पटीचं भिंग असतं तर माझ्या भिंतीवर अंतर जेमतेम ८ मिलिमीटर यायला हवं होतं. आलं ४ सेंटिमीटर. म्हणजे सव्वासहा पट. आणखी एक खूण: खरं ३० पटीचं भिंग शेंगदाण्याएवढं छोटं असतं. रुपयाच्या नाण्याएवढी काच आणि वर ३० चा आकडा, असं दिसलं की पैसे खिशातच ठेवावेत. परत करायचा प्रयत्न केला, मुदत उलटून गेली होती. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, कारण असली भिंगं विकणारे पन्नास जण आहेत.

जुलैच्या पहिल्या शनिवारी सराफ बाजारात गेले. भांडी बाजाराच्या बाजूने शिरलं की ते दुकान डाव्या हाताला लागतं. गाळा अरुंद, आत एका वेळी दोन गिऱ्हाइकं उभी राहतील एवढाच. खालचे दोन कप्पे रिकामे होते. गोदावरीचं पाणी चढलं की सराफ बाजारात शिरतं, २०१६ च्या ऑगस्टमधला पूर इथे कुणी विसरलेलं नाही, म्हणून पावसाळ्यात माल वरच ठेवतात. दुकानाचे काका सत्तरीचे असतील. मी विचारलं, "चांगलं भिंग आहे का?" ते म्हणाले, "ताई, कशाला पाहिजे? घड्याळाला आयग्लास वेगळं, हिऱ्याला लूप वेगळं." मी म्हटलं, पाल बघायला. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग हिऱ्याचंच घ्या. त्यात कड फाटत नाही."

कड न फाटणं म्हणजे काय ते त्यांनी काउंटरवर दाखवलं. तीन भिंगं काढली, वर्तमानपत्रातल्या पंचांगाच्या चौकटीवर एकेक ठेवलं. साध्या एका काचेच्या भिंगात मधली अक्षरं सरळ आणि कडेची वाकडी. दोन काचांच्या भिंगात वाकडेपणा कमी, पण झालर थोडी राहिलेली. तिसऱ्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखं, आणि काळं ते काळंच. तिसरं म्हणजे ट्रिप्लेट: वेगवेगळ्या जातीच्या तीन काचा एकमेकींना चिकटवून केलेलं. एक काच प्रकाशाचे रंग फाकवते, दुसरी ते परत गोळा करते. मी पट्टी नेली होती. काकांची परवानगी घेऊन वरच्या ट्यूबलाइटचं चित्र काउंटरवर पाडलं आणि मोजलं. अडीच सेंटिमीटर. म्हणजे १० पट, जेवढं लिहिलंय तेवढंच. काका म्हणाले, माझ्या दुकानात आजवर कुणी पट्टी घेऊन आलं नव्हतं, आणि त्यांनी बाकीची दोन भिंगंही मोजून घेतली. हिऱ्यातला दोष १० पटीतच तपासायचा असा जगभरच्या हिरे बाजाराचा दंडक आहे, त्यामुळे १० पटीत चांगला माल मिळतो, त्याच्या वर गेलात तर फसाल, हा त्यांचा सल्ला. तो मला पटला.

आता वापराबद्दल. पहिल्या दिवशी प्रत्येकाची एक चूक होते: भिंग हातभर लांब धरून वस्तूवर रोखायचं. तसं काही दिसत नाही. भिंग डोळ्याला, अगदी पापणीला लागेल इतकं जवळ धरायचं, आणि वस्तू भिंगाजवळ आणायची, अडीच सेंटिमीटरपर्यंत. भिंग धरलेल्या हाताचा अंगठा गालाला टेकवायचा, म्हणजे हात हलत नाही. मुलं हे दोन मिनिटांत शिकली, शिक्षकांना वेळ लागला.

पालींसाठी हे भिंग कसं वापरायचं, ते मला स्वयंपाकघरात सापडलं. पावसाळ्यात संध्याकाळी दिवा लावला की ओट्यासमोरच्या खिडकीच्या काचेवर बाहेरून पाली येतात, पाखरं टिपायला. पोट आपल्याकडे, पाय आपल्याकडे, मध्ये चार मिलिमीटरची काच. जिवंत पालीच्या अडीच सेंटिमीटर जवळ जायची दुसरी सोय नाही आणि तिला त्रासही नाही. मी ओट्यावर हात टेकून भिंग लावलं आणि पुढची भाकरी तव्यावर करपली.

तिच्या बोटाखाली पट्ट्या असतात. नुसत्या डोळ्यांना बोट फक्त रुंद दिसतं. भिंगातून दिसलं की आडव्या, पांढुरक्या, पातळ पट्ट्या एकीवर एक अशा लागल्यात, आणि मधोमध एक उभी फट जाऊन त्यांच्या दोन रांगा झाल्यात. प्रत्येक बोटाला दोन रांगा. पट्ट्या संपतात तिथून बोटाचं शेवटचं पेर सुटं होऊन वर उचललेलं, टोकाला नखी. घरच्या पालींच्या प्रजातीचं, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं, नाव हेमिडॅक्टिलस, म्हणजे ग्रीकमध्ये "अर्धं बोट". ते नाव मी कितीतरी वेळा फळ्यावर लिहिलंय. काचेवर ते बोट दिसलं त्या दिवशी मला ते नाव कळलं. पाल पुढे सरकली तेव्हा तिने बोट टाचेकडून उचललं नाही, टोकाकडून वर वळवत सोडवलं, चिकटपट्टी कोपऱ्यातून सोलावी तसं. काचेला चिकटायचं काम ज्या केसांसारख्या तंतूंनी होतं ते या पट्ट्यांवर लाखोंनी असतात. ते या भिंगातून दिसत नाहीत, त्यांना फार मोठा सूक्ष्मदर्शक लागतो. तिथे डिंक नसतो, ओल नसते. तंतूंची टोकं इतकी बारीक असतात की रेणूरेणूंमधल्या क्षीण ओढीवर पाल तोलली जाते.

आणि डोळा. काचेवरच्या पालीचा डोळा भिंगातून पाहिला: उभी फट असलेली बाहुली, आणि सगळ्यावर एक पारदर्शक खवला बसवलेला, घड्याळाच्या काचेसारखा. पापणी नाही. मी वर्गात सांगत होते ते या पालीपुरतं खरं होतं.

मग अण्णांची पाल कोण? हे शोधायला मी दिवाळीची अर्धी सुट्टी घालवली. इंटरनेटवर नुसतं "लेपर्ड गेको" हे अशा पालींचं इंग्रजी नाव टाकून चित्रं पाहिली तर लिंबासारख्या पिवळ्या, गुलाबी, पांढऱ्याफेक पाली येतात. त्या परदेशात पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यात वाढवून रंग बदललेल्या पाळीव पाली. माळावरच्या जनावराशी त्यांची तुलना करू नये. शोधताना जे हाती लागलं ते असं.

पालींच्या सगळ्या गटाला मिळून गेकोटा म्हणतात. त्यात सात कुलं आहेत आणि जाती दोन हजारांहून जास्त. बहुतेक कुलांत पापणी नाही. एका कुलात आहे, त्याचं नाव युब्लेफॅरिडी. त्यातली प्रजाती युब्लेफॅरिस, म्हणजे ग्रीकमध्ये "खरी पापणी". जॉन एडवर्ड ग्रे या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १८२७ मध्ये ती भारतातल्याच एका पालीवरून स्थापन केली, त्या पालीला थॉमस हार्डविक या लष्करी अधिकाऱ्याचं नाव दिलं. ती पूर्व भारतातली. नंतर १८५४ मध्ये एडवर्ड ब्लाइथ यांनी पंजाबच्या मिठाच्या डोंगररांगेतून मॅक्युलेरियस, म्हणजे ठिपक्यांची, ही जाती सांगितली. पाळीव पाली आल्या त्या याच जातीतून. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि भारताचा वायव्य कोपरा हे तिचं कोरडं मूळघर. त्याहून पश्चिमेला इराण, इराक, तुर्कस्तानात अँग्रामैन्यू नावाची भाऊबंद आहे. १९६६ मध्ये तिचं वर्णन झालं, नाव जरथुश्त्री धर्मातल्या दुष्ट शक्तीचं.

आपल्याकडची, म्हणजे गुजरात-महाराष्ट्राच्या कोरड्या माळांवरची, तिचं नाव फस्कस. अर्थ काळपट, मळकट रंगाची. बर्नर नावाच्या जर्मन अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला वेगळं काढलं, तेही आधी मॅक्युलेरियसची उपजाती म्हणून. पुढे ती स्वतंत्र जाती ठरली. नावातली ही हलवाहलव मुलांना सांगितली तेव्हा एका मुलीने विचारलं, "बाई, पाल बदलली का?" पाल तीच राहिली. तिला इतरांपासून वेगळं करणारं काय, हे पाहणाऱ्यांना हळूहळू दिसलं. २०१४ मध्ये सातपुड्याच्या डोंगरांतून सातपुराएन्सिस ही नवी जाती निघाली, २०२२ मध्ये पूर्व किनाऱ्याकडची पिक्टस. म्हणजे इतकी वर्षं लोकांच्या पायाखालून जाणारे प्राणी एका नावात कोंबलेले होते.

ऑक्टोबरात, सहामाही परीक्षेच्या आठवड्यात, सकाळच्या गाडीने उतरून चालत निघाले तर रस्त्याच्या कडेला तीच पाल पडलेली. रात्री गाडीखाली आलेली, अंग शाबूत, डोक्याला मार. या वेळी गळ्यात भिंग होतं. रस्त्याकडेच्या फरशीवर बसले आणि घंटा होईपर्यंत पंधरा मिनिटं मिळाली, तेवढ्यात जे पाहिलं ते सगळं वहीत आहे.

पापणी आधी. डब्यात चपातीखाली ठेवलेला कागदी रुमाल ओला करून त्याच्या टोकाने पापणी अलगद खाली केली. कडेला बारीक खवल्यांची एक रांग, मोत्यांच्या सरीसारखी, एकसारखी. पापणीची बाहेरची बाजू दाणेदार, आतली गुळगुळीत. मिटली की डोळा पूर्ण झाकला जातो. मग पाय. बोटं सरळ आणि सडपातळ. खाली आडव्या खवल्यांची एकच रांग, बाजरीचे दाणे ओळीने मांडावेत तशी. रुंद पट्ट्या नाहीत, मधली फट नाही, उचललेलं पेर नाही. टोकाला आखूड, वाकडी नखी. ही पाल काचेवर चढूच शकत नाही. ती जमिनीची आहे, मुरूम-दगडांची, बांधाच्या सांदीची. धुळीत चालणाऱ्याला चिकटणाऱ्या पट्ट्यांचा उपयोग नाही. पाठीवर बारीक दाण्यांत मधूनमधून मोठे टोकदार फोड. मागच्या दोन पायांच्या मध्ये, शेपटीच्या मुळाआधी, टाचणीने टोचल्यासारखी छिद्रं, उलट्या व्ही अक्षरात. ही नराची खूण. ती छिद्रं मला नुसत्या डोळ्यांनी दिसली नव्हती, आणि त्या २९९ च्या भिंगातूनही दिसली नसती. या एका गोष्टीसाठी मी हे भिंग दहांपैकी नऊ गुणांचं धरते.

शेपटीवर कडी होती, एकीमागे एक, शेवटपर्यंत. म्हणजे मूळची शेपूट. तुटून पुन्हा आलेली असती तर ती गुळगुळीत, कड्यांशिवाय, सलगमासारखी फुगीर झाली असती. तिच्यात चरबी साठवलेली असते. आमच्याकडे फेब्रुवारी ते जून माळावर काही हलत नाही, तेव्हा कामी येते ती.

भिंगाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. भिंगाने कूळ आणि प्रजाती नक्की करता आली: पापणी, बोटं, छिद्रं. जातीपर्यंत जायला ठिकाण, अंगावरच्या पट्ट्यांची रचना, खवल्यांची मोजणी आणि अभ्यासकांच्या नोंदी लागतात. आणि नात्यांची खोल गोष्ट तर काचेतून दिसतच नाही. पापण्या आहेत म्हणून युब्लेफॅरिडी ही पालींच्या वंशवृक्षाची सगळ्यात आधी फुटलेली फांदी, असं पूर्वी मानत. डोळ्यांना तेच पटतं. पण जनुकांच्या अभ्यासाने दाखवलं की आधी वेगळा झाला तो ऑस्ट्रेलियाकडच्या पालींचा गट, ज्यात बिनपायांच्याही पाली आहेत. पापणीवालं कूळ हे आपल्या घरच्या पालीच्या बाजूच्या फांदीवर बसतं. म्हणजे पापणी जाणं ही गोष्ट एकदाच घडली असं सरळ म्हणता येत नाही. हे मी नववीच्या वर्गात सांगितलं आणि बराच वेळ कुणी वही उघडली नाही.

दुसरी मर्यादा अंतराची. नोव्हेंबरात रात्री आठला अण्णांचा फोन आला. "बाई, तुमची ती पापणीवाली पंपाच्या खोलीत आलीय. मारली नाही." पंचवटीहून रात्री मोहदरी घाट ओलांडून जाणं शक्य नव्हतं. सकाळी गेले तर ती खोलीच्या कोपऱ्यात, पाइपामागे होती. गळ्यात भिंग असून मी ते काढलं नाही. जिवंत, घाबरलेल्या प्राण्याच्या अडीच सेंटिमीटरवर तोंड नेऊ नये, नेलं तर तो शेपूट टाकतो. हातभर लांबूनच पाहिलं. ती शेपूट वर करून नागमोडी हलवत होती. मग थांबली आणि तिने डोळे मिटले, दोन्ही, सावकाश, आणि उघडले. अण्णा म्हणाले, "माणसासारखी बघती." त्यांना मी सांगितलं की हिला विष नाही, कुठल्याच पालीला नसतं, आणि ही किडे, कोळी, विंचूसुद्धा खाते. विंचवाचं ऐकून ते जास्त खूश झाले, कारण त्यांच्या कांद्याच्या चाळीत विंचू निघतात. लांबून पाहायला दुर्बीण लागते, जवळून फोकस होणारी. त्या कामाला हे भिंग घेऊ नका.

तक्रारी तीन. एक, वरचं क्रोम. उन्हात चमकतं, डोळ्यावर येतं, आणि घामाने चार महिन्यांत कडेला उडायला लागलं. काळ्या रंगाचं मिळालं तर तेच घ्यावं. दोन, बिजागरीचा इस्क्रू. सप्टेंबरात ढिला होऊन भिंग आपोआप उघडायला लागलं. दुकानात नेलं, काकांनी इस्क्रू आवळून त्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा एक थेंब सोडला, पैसे घेतले नाहीत. त्यानंतर तो हललेला नाही. तीन, सोबतची रेक्झिनची पिशवी दुसऱ्याच महिन्यात उसवली. मी घरी सुती कापडाची शिवली. सुतीच बरी, काच पुसायलाही होते. साडीच्या पदराने पुसू नका, जरीकाम असेल तर ओरखडे उठतात.

दुकानाबद्दल वेगळं लिहायला फारसं नाही. बिल मागितलं तर देतात. घासाघीस करत नाहीत, पण काउंटरवर पाहिजे तेवढा वेळ पाहू देतात, आणि भिंग घेताना तेच महत्त्वाचं. सणाच्या आधी जाऊ नका, सोनारांची गर्दी असते आणि काकांना बोलायला उसंत नसते.

गेल्या महिन्यात अण्णांनी भिंग मागून नेलं. कांद्याच्या पातीच्या बेचक्यात थ्रिप्स आहेत का ते बघायला. मिलिमीटरभराचा पिवळट किडा, नुसत्या डोळ्यांना धुळीसारखा. १० पटीत त्याचे पाय मोजता येतात. तीन दिवसांनी परत आणून दिलं, काच पुसून, सुती पिशवीत घालून, आणि विचारलं, "बाई, कितीला मिळतं म्हणालात?" पुढच्या शनिवारी सकाळची शाळा आहे. दुपारच्या गाडीने येऊन दोन भिंगं घेणार आहे, एक शाळेच्या कपाटासाठी, एक अण्णांना. काळं आहे का ते आधी फोन करून विचारते.